आबांसाठी वाजवलेला बेस

वाजवायला सुरुवात करण्याआधी तो बेस गिटारच्या तारांवर मूठ आपटायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जास्तच जोरात. मग समोरच्याकडे बघून विचारायचा, "कान सोड. पोटात पोचलं का?" पोचलं नाही म्हणायची सोय नसायची, कारण तोवर समोरच्याची कॉफी टेबलावर सांडलेली असायची.

परदेशात, तुआस बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात तो मेंटेनन्स इंजिनिअर होता. मी कारखान्यांमधला आवाज मोजणारा. मीटर घेऊन यंत्रांमधून फिरायचं आणि कुणाचे कान धोक्यात आहेत ते मालकाला लेखी कळवायचं, हे माझं काम. पहिल्याच भेटीत तो ग्राइंडरशेजारी कान उघडे टाकून उभा सापडला. मी त्याचं नाव रिपोर्टात घातलं. तो माझ्या मागोमाग गेटपर्यंत आला. मला वाटलं, आता हा मारणार. तो म्हणाला, "मराठी दिसतोस. शनिवारी दुपारी बुकित बातोकला ये. मीटर घेऊन ये."

गाड्यांच्या गॅरेजवर एक खोली होती, तिथे त्याचा तिघांचा बँड सराव करायचा. बेसवाल्याने मागे राहून गाणं सावरून धरायचं असतं, एवढं मलाही माहीत होतं. हा गाण्याच्या अंगावर धावून जायचा. तारा इतक्या सैल ठेवायचा की त्या लाकडावर आपटायच्या, आणि त्या छेडायचा यार्डातल्या लोखंडी वॉशरने. पत्र्याच्या पेटीत खिळे भरून ती जिन्यावरून ढकलून द्यावी, तसा तो आवाज. तिसऱ्या गाण्यात वॉशरने त्याचं बोट कापलं. गिटारच्या पांढऱ्या अंगावर रक्ताचे शिंतोडे उडाले, ते त्याने गाणं संपल्यावर शर्टाने पुसले.

त्याच्या वाजवण्याबद्दल दोन माणसांचं एकमत झालेलं मी पाहिलं नाही. ड्रमर रफीक त्याच्यावर फिदा होता. "दिस वन नॉट बेस, ला. दिस वन लॉरी," असं तो येईल त्याला तिथल्या मोडक्या इंग्रजीत अभिमानाने सांगायचा. गिटारवाल्याला ती लॉरी सहन होईना. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत जेवताना तो म्हणाला की असं वाजवण्याला संगीत म्हणत नाहीत. पुढच्या क्षणी दोघं टेबलाखाली एकमेकांच्या उरावर होते आणि फिशबॉलचं सूप माझ्या मांडीवर होतं. माझी बायको एकदा ऐकायला आली आणि दहा मिनिटांत उठली. "ह्याला वाजवायला नको, आधी रडायला शिकवा," असं तिने जिन्यात मला सांगितलं. मला स्वतःला तो आवाज आवडायचा नाही, पण शनिवार मी चुकवत नसे. नावडती गोष्ट बघायला नेमाने जाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यांतला मी एक.

एका उघड्यावरच्या कार्यक्रमात पुढे उभ्या असलेल्या माणसाने त्याला बाटली फेकून मारली. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं तरी त्याने गाणं पुरं केलं, गिटार नीट उतरवून ठेवली, खाली उडी मारली आणि त्या माणसाचं नाक फोडलं. दोघांना टाके पडले. प्रकरण आपसात मिटलं. परतताना मी त्याला झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, "त्याला आवडलं नाही, ठीक आहे. पण ऐकलं तरी ना त्यानं."

ह्या बोलण्याचा उलगडा पुलाउ उबीन बेटावर जाताना झाला. बोटीचं डिझेल इंजिन धडधडत होतं आणि हा फळीवर तळहात ठेवून बसला होता. इचलकरंजीत त्यांचं घर यंत्रमागाच्या शेडला लागून होतं. वडिलांची, म्हणजे आबांची, तीस वर्षं मागावर गेली आणि कानही तिथेच गेले. "माझं बोलणं आबांना कधी ऐकू गेलं नाही. मारायला मात्र बरोबर सापडायचो," तो हसत म्हणाला. मग हसू थांबलं. "दिवाळीला येतायत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला वाजवू दे लेका. आबा पहिल्या रांगेत बसतील. एकदा ऐकू दे त्यांना, मी काय करतो ते. मग शिव्या घालू देत."

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात ध्वनिव्यवस्था दर वर्षी माझ्याकडे असायची. मी शब्द टाकला आणि तो तालमीला आला. जुन्या भावगीतांची तालीम होती. त्याने पहिली मूठ आपटली तेव्हा तबलजीच्या हातातली हातोडी खाली पडली. गाणं बसवणाऱ्या सुलभाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, हा साथ करतोय की सूड घेतोय? एक तर त्याला काढा, नाहीतर मी निघते."

मी मधली वाट काढली. आपल्या लोकांना मधली वाट फार लवकर सापडते. हॉलचा नियम आहे असं सांगून मी त्याला त्याचा स्पीकर आणू दिला नाही. गिटार थेट माझ्या मिक्सरला जोडली आणि त्याच्या कानात इअरफोन दिले. इअरफोनमध्ये त्याचा आवाज पूर्ण सोडला. हॉलकडे त्याचा आवाज सोडणारं सरकतं बटण तळाशी ओढून बंद ठेवलं. तो खूश, सुलभाताई खूश.

रविवारी दुपारी तो जीव तोडून वाजवत होता. मान झटकत होता, तारांवर मुठी मारत होता, घामाने निथळत होता. हॉलमध्ये बासरी आणि सुलभाताई. दोनदा त्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि दोन्ही वेळा मी अंगठा दाखवला. शेवटच्या गाण्यात त्याच्या बोटांतून पुन्हा रक्त आलं. लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या.

पांगापांग झाल्यावर आबा माझ्या टेबलाशी आले. बारीक अंगाचे, इस्त्रीचा सदरा, टोपी हातात. तो त्यांच्या मागे गिटार घेऊन उभा होता.

"साहेब," आबा मोठ्याने म्हणाले, "बाईंचं गाणं मला तसंबी ऐकू येत न्हाई. पण ह्याचं जाड असतंय, ते येईल म्हणून बसलो हुतो. तासभर नुसतं हात हलवताना बघितलं त्याला. माझं कान पार संपलं म्हणायचं."

वाचकहो, हे मीच कामगारांना शिकवतो. मागावर, ग्राइंडरवर कान जातात ते आधी बारीक, उंच आवाजांचे. जाड, खालचे आवाज बरेच दिवस तग धरतात. त्या हॉलमध्ये आबांना ऐकू येईल असा एकच आवाज होता आणि तो मी बंद केला होता.

त्याने आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मिक्सरकडे. बटणाखालच्या पट्टीवर माझ्याच अक्षरात 'बेस' लिहिलेलं होतं. पहिला ठोसा माझ्या तोंडावर बसला आणि पुढचा दात जिभेवर आला. दुसऱ्याने मी खुर्च्यांवर कोसळलो. मग त्याने गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि मिक्सरवर हाणली. गिटारची मान तुटेपर्यंत हाणत राहिला. बायका पोरांना घेऊन दाराकडे पळाल्या. चौघांनी त्याला धरलं, तेव्हा आबा पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या फाडफाड थोबाडीत मारल्या. "भल्या माणसाच्या अंगावर हात टाकतोस?" ते ओरडत होते. तो मार खात एकच सांगत होता, "आबा, तुमचे कान चांगले आहेत." त्या गलक्यात आबांना ते कळलं नाही. मला बोलता येत होतं. मी रुमाल तोंडाला लावून बसून राहिलो.

पोलीस आले. मी तक्रार नाही म्हटलं. मंडळात माझ्या मोठेपणाचं कौतुक झालं, आणि मी ते होऊ दिलं. महिन्याभरात तो नोकरी सोडून आबांबरोबर इचलकरंजीला गेला. बुकित बातोकच्या खोलीत रफीक एकदा भेटला. "नाऊ टू क्वाएट, ला," एवढंच म्हणाला आणि ड्रमच्या काठ्या पिशवीत भरू लागला.

चारेक महिन्यांनी मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, असताना आबांचा फोन आला. "साहेब, दात बसवला का? पोराच्या वतीनं माफी मागतो बघा." मी काही म्हणायच्या आत पुढे म्हणाले, "हे येडं म्हणतंय, 'कान बरं हायत तुमचं, त्या साहेबानंच माझा आवाज बंद केलता.' असं कुणी करतंय व्हय? माझी समजूत काढतंय."

"खरं आहे ते, आबा. मीच बंद केला होता."

"काय म्हणालासा?"

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तर इतक्या जोरात ओरडलो की अख्खा डबा माझ्याकडे बघू लागला. आबा म्हणाले, "फोनवर काय बी कळत न्हाई ओ. थांबा, पोराकडं देतो."

"बोल," तो म्हणाला.

तीनदा ओरडून सांगितलेलं मला एकदा हळू सांगता आलं नाही. मी आबांची तब्येत विचारली. बरी आहे म्हणाला, आणि फोन ठेवला.