प्लीज बसा

आमचे शेजारी चालता चालता एकदम हात वर करायचे. उघडा पंजा, खांद्याच्या बरोबरीनं. म्हणजे थांबा. मागून येणारी मी थांबायची. पुढे एखादं हरीण असायचं, नाहीतर कुणाच्या ड्राइव्हवेतून मागे येणारी गाडी.

"जुनी सवय," म्हणायचे. "मी आपला गेलो होतो, एवढंच."

लढाईबद्दल काहीही विचारा, उत्तर हेच. बोलणं अर्थात इंग्रजीत, तेही ऑस्ट्रेलियन. निम्मं कळायचं, निम्मं मी अंदाजानं भरायची. मला 'लव्ह' म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या ह्यांना चहाचा ठसका लागला. मग त्यांच्या लेकीनं समजावलं, तिकडे भाजीवालीलाही असंच म्हणतात. त्यावर हे म्हणाले, "मग हरकत नाही."

इथे अमेरिकेत, कॅरीला, ते आमच्या शेजारच्या घरात राहायचे. बायको अमेरिकन, तिच्यापायी इकडे आले, आणि तीच आधी गेली.

तुम्हाला वाटेल हौसेनं लढाईवर गेले असतील. नाही हो. वीस वर्षांचे होते, मेंढ्यांची लोकर कातरायचे. तिकडच्या सरकारनं सक्तीच्या सैन्यभरतीसाठी पिंपात गोट्या घातल्या, प्रत्येक गोटी म्हणजे एक जन्मतारीख. त्यांची निघाली. झालं, पाठवलं व्हिएतनामला, अमेरिकेच्या बाजूनं लढायला. रबराच्या मळ्यांतून तुकडीच्या सगळ्यात पुढे चालायचं काम. परत गेल्यावर गावातल्या माजी सैनिकांच्या क्लबात दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे म्हणाले, "पोरा, तुमचं कसलं युद्ध!" पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही.

आमच्या कॉलनीत दर नोव्हेंबरला क्लबहाऊसवर व्हेटरन्स डेचा, म्हणजे माजी सैनिकांचा, कार्यक्रम असतो. जे सैन्यात होते त्यांनी उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ते दरवर्षी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. गेल्या वर्षी पोटात कॅन्सर निघाला. तेव्हा मला म्हणाले, "लव्ह, ह्या वेळी मी उभा राहणार. एकदाच."

लेकीनं ब्लेझर आणला, तो अंगावर नुसता लोंबत होता. छातीवर पदकं. वेळ आली तसे खुर्ची धरून उठले.

माईकवर कमिटीचा अध्यक्ष. आपलाच मुलगा, पुण्याचा, नाव कशाला घेऊ. अमेरिकन सिटिझन होऊन जेमतेम दोन वर्षं.

"सर, विच ब्रँच? आर्मी, नेव्ही?"

"ऑस्ट्रेलियन आर्मी. व्हिएतनाम."

"ओह! थँक यू, सर. पण आजचा दिवस फक्त आपल्या व्हेटरन्सचा आहे. प्लीज बसा. नंतर केक आहे."

ते बसले. पदकं किणकिणली, तेवढाच आवाज.

कॉफीपाशी मी त्याला गाठलं. "अरे, तो माणूस अमेरिकेचीच लढाई लढलाय. तू जन्मला तरी होतास का तेव्हा?"

"काकू, तुम्ही इमोशनल होताय. रूल्स आहेत यार. एकाला अलाऊ केलं की उद्या कोणीही उभं राहील."

"कोणीही म्हणजे कोण? तू?"

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत केली.

घरी येताना गाडीत त्यांनी पदकं काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "तिकडे म्हणाले ते युद्धच नव्हतं. इकडे म्हणतात तू आमचा नव्हतास. मग मी गेलो कुठे होतो, लव्ह?"

तुम्हाला उत्तर सुचतंय का बघा.

फेब्रुवारीत ते गेले. फ्युनरल होममध्ये अध्यक्षसाहेब काळा सूट घालून हजर. कॉलनीच्या वतीनं दोन शब्द बोलायचे होते ना! आदल्या दिवशी मला फोन करून विचारलं, "काकू, ते व्हिएतनामलाच होते ना?" आणि बोलला काय सुंदर! अवर हिरो म्हणाला, अवर ओन, आपलाच माणूस, म्हणाला. शेवटी म्हणाला, "आपण सगळे त्यांच्यासाठी एक मिनिट उभे राहू या."

सगळे उठले. लेक उठली. आमच्या ह्यांनी मला कोपर मारलं.

मी नाही उठले. त्या हॉलमध्ये उभे नव्हतो ते आम्ही दोघंच. मी खुर्चीत, आणि ते समोर, पेटीत.