होल्ड मॅडम

प्रा. नलिनी शेवकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहायला मिळतंय, याचा आनंद आहेच. पण खरं सांगायचं तर गेल्या वर्षी हा ग्रंथ मॅडमच्या हातात देता येईल की नाही, याचीच आम्हा विद्यार्थ्यांना धास्ती होती. त्यांना कर्करोग झाला होता. तो कसा सापडला, हे सांगायचं तर मॅडमचं आयुष्यभराचं कामच सांगावं लागतं, म्हणून पहिल्या भेटीपासून सुरुवात करते.

आकुर्डीच्या आमच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते. संगणकात शिरणारे घातक प्रोग्रॅम, म्हणजे मालवेअर, हुडकून काढणारं सॉफ्टवेअर मी तयार केलं होतं आणि माझा रुबाब काय विचारता! मॅडमनी ते प्रयोगशाळेत चालवून बघायला सांगितलं. त्याने कॉलेजचं हजेरीचं सॉफ्टवेअर पकडलं, ग्रंथालयाचं पकडलं, मराठी टंकलेखनाचंही सोडलं नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घरातलीच सगळी माणसं धरलीस, मनीषा. चोर कुठाय?"

मी रडकुंडीला आले. तेव्हा त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि कॉलेज सुटेपर्यंत समजावत राहिल्या. सारखं बोंबलणाऱ्या यंत्राकडे लोक लक्ष देईनासे होतात, चाकणच्या कारखान्यांत तर असा अलार्म वैतागून सरळ बंद करून टाकतात, असं त्यांचं म्हणणं. आणि कधीच न बोंबलणाऱ्या यंत्रावर लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात, ते त्याहून वाईट. या दोन्हींच्या मधली वाट शोधणं हेच आपलं काम, असं त्या म्हणाल्या. पुढे मी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागले आणि आजही त्याच वाटेवर चाचपडते आहे.

मॅडम मूळच्या राजगुरुनगरच्या. शिकवायला येण्याआधी त्यांनी भोसरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली होती. तिथे तपासलेल्या मालाला तीन वाटा असतात. चांगला तो ओके, वाईट तो रिजेक्ट, आणि ज्याची खात्री नाही त्याला पिवळं लेबल लावून बाजूला ठेवतात, तो होल्ड. मॅडमनी ही तिसरी वाट संगणकात आणली. आमच्या प्रयोगशाळेत बनणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला "मला खात्री नाही, माणसाला बोलवा" असं म्हणता आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एवढं महागाचं यंत्र घेऊन शेवटी माणसानेच बघायचं का, असं उद्योजक कुरकुरत. मॅडम हसून "हो" म्हणत आणि पुढच्या विषयाकडे वळत. पोरांनी त्यांचं नाव "होल्ड मॅडम" ठेवलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा रागावणं दूरच, त्या खूशच झाल्या.

सुट्या भागांवरच्या बारीक चिरा टिपणारा कॅमेरा आम्ही चाकणच्या एका छोट्या कारखान्यात बसवला होता. मालक बाळासाहेब गावातलेच, जुन्या शेतकरी घरातले. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला, "म्याडम, यंत्र रुसलंय. एक बी माल पास करीत न्हाई." आम्ही गेलो. सकाळपासून सगळा माल रिजेक्ट आणि ग्राइंडिंगला, म्हणजे भाग घासून गुळगुळीत करायला बसलेल्या बायकांना उगाच बोलणी बसत होती. मॅडमनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. पूजेच्या वेळी कुणीतरी भक्तिभावाने थेट भिंगावरच कुंकू लावलं होतं! त्यांनी रुमालाने भिंग पुसलं, कॅमेऱ्याच्या स्टँडवर एक जागा दाखवली आणि पुढच्या वर्षीपासून कुंकू इथं लावा म्हणून सांगितलं. मग बाळासाहेबांना त्या बायकांसमोर "चूक तुमची नव्हती" असं म्हणायला लावलं, आणि ते होईपर्यंत चहाला हात लावला नाही.

अलीकडे सगळंच बदललं आहे. मालवेअर रोज नवं रूप घेतं, त्यामुळे चेहरा ओळखून भागत नाही, त्याची वागणूक बघावी लागते. आजार शोधणारे प्रोग्रॅम हजारो चित्रं पाहून शिकतात, पण जी चित्रं त्यांनी पाहिलीच नाहीत तिथे बेधडक चुकतात, आणि चुकतानाही त्यांचा आवाज ठाम असतो. मॅडमना याचीच काळजी. एका रुग्णालयाबरोबर आम्ही स्तनांच्या कर्करोगासाठी काढलेली मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, चित्रं तपासणारा प्रोग्रॅम करत होतो. चाचणीसाठी मॅडमनी सगळ्यात आधी स्वतःची तपासणी करून घेतली. संगणकावर मीच होते. उत्तर आलं, "काही आढळले नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या.

मॅडम मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यासारख्या दाट ऊतींची चित्रं या प्रोग्रॅमने फार थोडी पाहिली आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्या म्हणाल्या, "मला होल्डवर टाक."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांकडून सोनोग्राफी करून घेतली आणि एक लहानशी गाठ निघाली. वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या दिवशी जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडले.

शस्त्रक्रिया झाली, उपचार सुरू झाले, केस गेले. मॅडम टोपी घालून तासाला उभ्या राहत आणि आता तेलाचा खर्च वाचला म्हणून पोरांना हसवत. मी चिडायचे, घरी बसा म्हणायचे, पण ऐकतंय कोण? उलट माझ्या आईने कधीच तपासणी केलेली नाही हे कळल्यावर त्या स्वतः तिला घेऊन गेल्या. आई लातूरकडची, भारी लाजरी. रांगेत बसल्या बसल्या तिने मॅडमचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुमचंच एवढं चाललंय अन् माझी काळजी करायलात?" मॅडम म्हणाल्या, एकटीला कंटाळा येतो, सोबतीला आणलंय. आईच्या तपासणीत काही निघालं नाही. त्या दोघी आता मैत्रिणी आहेत आणि माझ्या पाठीमागे माझ्याबद्दलच बोलतात.

मॅडम, "निरोगी दीर्घायुष्य लाभो" असं लिहिलं तर तुम्ही "निरोगी" या शब्दाला पुरावा मागाल. खुशाल मागा. तुमच्या तपासण्या अजून काही वर्षं चालणार आहेत आणि दर वेळी अहवाल येईपर्यंत आमचं कशात लक्ष लागणार नाही. ते लपवण्यात अर्थ नाही, कारण आम्हाला तुम्ही हव्या आहात. म्हणून शुभेच्छांसोबत ही तंबी: एकही तपासणी चुकवायची नाही, आणि एकटीने जायचं नाही. पंच्याहत्तरीचा ग्रंथही आम्हीच काढणार आहोत. त्याची मुद्रितं तुम्हालाच तपासायची आहेत. दुसऱ्या कुणावर आमचा विश्वास नाही.