दहा रुपयांचं डाऊनलोड

आमच्या गाण्याच्या पार्टीत आधी भांडण होतं, मग ढोलकी वाजते. त्यामुळे किश्श्यांना तोटा नाही. पण अल्बम काढल्यापासून जे किस्से साठलेत, त्या सगळ्यांत फजिती माझीच!

पार्टी नेकनूरची. मालक आणि मुख्य गायक माझे नामदेवकाका. बी.ए. झाले तरी मी अजून कोरसमध्येच. मी काकांना म्हटलं, "कॅसेटी आता कोण घेतंय? अल्बम इंटरनेटवर टाकू. दहा रुपयांत डाऊनलोड!"

"हातात काईच न देता पैसे मागायचे? लोक जोड्यानं हाणतील!"

शेवटी पैज लागली. युसूफ वडगाव या गावातल्या कार्यक्रमापर्यंत डाऊनलोड खपलं, तर पुढच्या अल्बमची मुख्य गायिका मी. नाहीतर जन्मभर मागं बसून टाळ्या वाजवायच्या.

*

रेकॉर्डिंग बीडला होतं. आमच्याकडं कार्यक्रमात कुणी नोट दाखवली, की काका गाणं अडवून त्याचं नाव पुकारतात. नाव नाही तर बक्षीस नाही!

स्टुडिओत काका रंगात आले होते. काचेपलीकडं रेकॉर्डिंगवाल्यानं चहा मागवायला खिशातून दहाची नोट काढली. झालं! भर अंतऱ्यात काका गरजले, "रेकॉर्डिंगवाले साहेब यांच्याकडून दहा रुपये बक्षीस! पार्टी आभारी हाय!"

मी म्हटलं, परत गा. काका म्हणाले, "माणसानं प्रेमानं दिलंय, पुसायचं कावून?"

अल्बममध्ये ते तसंच आहे.

*

अल्बम इंटरनेटवर चढला. लगेच पुढच्याच हळदीला आमच्या ढोलकीवाल्या बाबूमामांनी ढोलकी खाली ठेवली.

"ही गाणी वाजवायची न्हाईत. इकली ना आपण? म्हैस इकल्यावर धार काढाया जातो का कुणी?"

त्या हळदीत आम्ही जुनीच गाणी गायलो.

*

पैसे भरायला गावात कार्ड कुणाकडं? म्हणून मीच नेट कॅफेत बसले. रोख दहा घ्यायचे आणि गाणी मोबाईलमध्ये टाकून द्यायची. पहिलं गिऱ्हाईक सोपानतात्या. अख्खा अल्बम त्यांनी उभ्यानं ऐकला आणि तोंड पाडलं.

"आवडला नाही का, तात्या?"

"गाणी लई भारी हाईत. पर दहा रुपये दिले, माझं नाव कावून घेतलं न्हाई?"

मी समजावलं, "रेकॉर्डिंग आधीच झालंय, तात्या."

"मग त्या साहेबाचं कसं घेतलं?"

दहा रुपये परत द्यावे लागले.

*

दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही. गाणी मात्र गावोगाव वाजत होती, रिक्षात, पिठाच्या गिरणीत! चौकशी केली, तर स्टँडसमोरचा मोबाईलवाला पप्पू रिचार्जवर आमचा अख्खा अल्बम फुकट भरून देत होता.

"काका, चोर आहे तो!"

"आपलीच गाणी वाटतोय की गं. चोर कावून म्हणतीस?"

युसूफ वडगावला काकांना माझी दया आली. "एक गाणं तू गा. लोकांनी उचलून धरलं, तर पैज माफ."

मी आधी माईकवरून सांगून टाकलं, "कलाकाराला जगवायचं असेल, तर फुकट घेऊ नका. दहा रुपये द्या!" लोकांनी माना डोलावल्या. मग मी गायला लागले. दुसऱ्या कडव्याला मांडव डोलायला लागला. मागं बाबूमामासुद्धा जीव तोडून वाजवत होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेत नोट वर झाली. पप्पू! तो स्टेजवर आला आणि काकांच्या कानात काहीतरी बोलला. काकांनी माझ्या हातातला माईक घेतला.

"मोबाईलवाले पप्पूशेठ यांच्याकडून दहा रुपये बक्षीस! नेकनूरच्या स्टँडसमोर त्यांच्या दुकानात आपल्या पार्टीची समदी गाणी फुकट भरून मिळतील! पार्टी त्यांची लई आभारी हाय!"

टाळ्या थांबेनात. काकांनी माईक परत माझ्या हातात दिला.

"थांबलीस कावून? गा की!"