धुतलेला पाटा

ओल्या हळदीचा वास आला की मला डाळज गावातली ती सकाळ आठवते. नदीकाठी उत्खनन करताना आम्हाला अश्मयुगातला, दाणे भरडायचा दगड सापडला होता. त्याच्या खाचांतल्या कणांवरून त्या काळची माणसं काय शिजवत होती ते कळणार होतं, म्हणून तो मातीसकट कागदात गुंडाळून मुक्कामाच्या घरी ओसरीवर ठेवला. उठून बघतो तर दगड लख्ख! घरच्या मावशींनी राखेनं घासून, हळदकुंकू वाहून तो तुळशीपाशी मांडला होता. "पावण्यांचा पाटा मळका कसा ठिवायचा वो? लक्ष्मी हाय ती," त्या हसून म्हणाल्या. पुढं सूक्ष्मदर्शकाखाली खाचांत दिसली ती फक्त मावशींची हळद. तसा दुसरा दगड शोधता शोधता माझे गुडघे गेले. तो काही मिळाला नाही.