आग्नेय कोपऱ्याचं पाणी

देवासला टेकडीच्या पायथ्याशी कारखान्यातल्या कामगारांची जी वसाहत आहे, तिथे प्रेमलाचं नाव पडलं होतं 'पाणीवाली भाभी', आणि ते काही कौतुकानं नव्हे. एक्क्याऐंशीच्या मार्चपासून ही बाई रोज सकाळी बादल्या उचलून घराच्या कडेकडेनं जमिनीला पाणी पाजत फिरायची. आणि कुठे, तर देवासला! जिथे नळ दिवसाआड यायचा आणि तोही मर्जी असली तर! शेजारचे मास्तर कुंपणावरून खदखदून हसायचे, "क्यों भाभी, गेहूं बोया है क्या?"

"घर बोया है, भिया," प्रेमला मान वर न करता म्हणायची.

हसणाऱ्यांकडे बघायला तिला सवड नव्हती. बहात्तर साली कऱ्हाडहून लग्न होऊन ती इथे आली. नवरा अशोक कारखान्यात फिटर. सासूबाई, म्हणजे माई, यांच्यासह तिघांनी सहा वर्षं एका भाड्याच्या खोलीत काढली, आणि मग हे तीन खोल्यांचं घर बांधलं. घर झालं देखणं, पण खाली पडली माळव्याची काळी माती. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं आपले रंग दाखवले. भिंतीलगत जमीन अशी फाटली की आख्खा तळहात आत जावा. स्वयंपाकघराचा कोपरा तडकला. पावसात तीच माती फुगली आणि मागचं दार चौकटीत असं अडकलं की अशोकला खांदा लावावा लागला. दर वर्षी हेच. शेवटी त्यानं हात टेकले.

"कारखान्याचं क्वार्टर मिळतंय. या उन्हाळ्यात तडा वाढला तर घर विकायचं आणि तिकडे जायचं," तो म्हणाला.

"आणि नाही वाढला तर?"

"तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

झालं! प्रेमलानं पदर खोचला, बस पकडली आणि थेट धार गाठलं. तिथे गणोजी मिस्त्री राहायचे. पिढ्यान्पिढ्यांचे गवंडी, माळव्याची माती कोळून प्यायलेले. त्यांना ती घेऊनच आली. गणोजींनी घराला एक फेरी मारली, ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं आणि म्हणाले, "बाई, ही माती सुकली की बसते, भिजली की उठते. तुमची मोरीकडची बाजू बारा महिने ओली, म्हणून ती जागची हलत नाही. बाकीच्या तिन्ही बाजू उन्हाळ्यात खाली जातात. मग भिंत फाटणार नाही तर काय होईल? चारी बाजू सारख्या ओल्या ठेवा. रोज, थोडं थोडं. एकदम ओताल तर पस्तावाल." जाताना त्यांनी खळ लावून तड्यावर कागदाची एक पट्टी आडवी चिकटवली. "ही फाटली तर समजा, भिंत हलली."

पाणी आणायचं कुठून? प्रेमलानं अंघोळीचं पाणी धरलं, तांदळाचं धुवण धरलं, कपड्यांचं शेवटचं पाणी धरलं. अशोक टबात बसून अंघोळ करायचा आणि रोज कुरकुरायचा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आणि मग माई आडव्या आल्या. तडा होता स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, आणि वास्तुशांतीला वास्तुपुरुष पुरला होता नेमका तिथेच. सणावारी माई त्याला नैवेद्य दाखवत. "मोरीचं पाणी त्या देवाच्या उशाशी ओततेस?" त्या कडाडल्या. "मी जिवंत असेतो ते व्हायचं नाही!"

सासूला उलट बोलण्याची त्या घरात पद्धत नव्हती. प्रेमला बोलली नाही, पण तिनं कोपराही सोडला नाही. त्या एका कोपऱ्याला न वापरलेलं पाणी मिळावं म्हणून ती हापशावर जाऊ लागली. अर्धा मैल जायचं, रांगेत उभं राहायचं, एक कळशी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन यायचं. चैत्र गेला, वैशाख गेला. टाळूचे केस झिजले, पण पट्टी शाबूत होती.

मेच्या अखेरीस तिला टायफॉइडनं आडवं केलं. बाकीच्या भिंतींना अशोक कामावर जाण्याआधी कशीबशी बादली फिरवायचा. हापसा मात्र त्याच्यानं होईना. "एक कोपरा राहिला म्हणून काय आकाश कोसळतंय?" तो म्हणाला. पाचव्या दिवशी प्रेमला भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. पट्टीची एक कड नखाएवढी फाटली होती. ती तिथेच चुलीपाशी बसली आणि हमसून हमसून रडली. तिला तापाचं काही नव्हतं. तीन महिने उपसलेलं सगळं एका आजारपणात जातंय, याचा तिला भयंकर राग आला होता. माई दारातून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर बादली फरफटल्याचा आवाज आला. प्रेमला उठली. आग्नेय कोपऱ्याशी माई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून पाटाशिवाय न बसणाऱ्या माई! केस ओले होते. स्वतःच्या अंघोळीचं साबणाचं पाणी तांब्यातांब्यानं त्या मातीला घालत होत्या आणि भिंतीशी बोलत होत्या.

"रागावू नकोस हो बाबा. साबणाचं आहे, ठाऊक आहे मला. पण पोर अंथरुणाला खिळलीय आणि हापशावर माझ्यानं जाववत नाही. घरच पडलं तर तुला नैवेद्य कोण दाखवील?"

"माई..." प्रेमलानं दाराची चौकट धरली.

"तापात उभी काय राहतेस? जा, पड जाऊन!" माईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. कामावर निघालेला अशोक दारात थबकला होता. त्याला म्हणाल्या, "आणि तू रे, आजच साहेबाला सांगून ये. माझ्या सुनेला क्वार्टर नको."

"अगं, पण पट्टी फाटायला लागलीय. जूनपर्यंत बघायचं ठरलंय आमचं."

"जूनचं मी बघते," माई म्हणाल्या आणि रिकामी बादली त्याच्या हातात दिली. "आधी हापशावर जा."