विरळ धुराचा कुंभाभिषेक

कुंभकोणमच्या बाजारातल्या देशी औषधांच्या दुकानात पंकजाबाई एकतीस वर्षं राळ विकत आहेत. देवळातल्या धुपाटण्यात जळणारी ही काळसर राळ, गावाच्या भाषेत कुंगिलियम, पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या उंच झाडांची. पंकजाबाईंचं घराणं तंजावरच्या दरबारामागोमाग इकडे आलं. घरात मराठी, गल्ल्यावर तमिळ.

पोतं आलं की त्या मधला एक खडा काढून फोडतात, हे सगळा बाजार जाणतो. झाडानं आपणहून गाळलेली राळ आत काचेसारखी चमकते. बुंध्याशी आग लावून काढलेल्या राळेत कोळशाचे ठिपके सापडतात. आगीनं राळ तिप्पट मिळते. पण काही वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळतं.

यंदा नाचियार्कोविलच्या रस्त्यावरच्या एका देवळाचा कुंभाभिषेक, म्हणजे दर बारा वर्षांनी होणारी पुनःप्रतिष्ठा, ठरला. त्यानंतरचे अठ्ठेचाळीस दिवस धूप जळायचा होता. तीनशे किलोंची मागणी आली. दुकानाचा अर्ध्या वर्षाचा धंदा. डोंगरातून माल आणणाऱ्या सेतूनं पंधरा पोती उतरवली. पंकजाबाईंनी चार आत घेतली आणि कोळशाच्या ठिपक्यांची अकरा उंबऱ्याबाहेर ठेवली.

“अम्मा, झाडं तर जळून गेलीत,” सेतू म्हणाला. “माल परत नेला म्हणून ती पालवणार आहेत?”

“नाही पालवणार. पण आज मी याचे पैसे दिले, तर पुढच्या झाडाला काडी लावायला मीच सांगितल्यासारखं होईल.”

“आणि जे काडी लावत नाहीत त्यांना काय देता? राळ वेचत महिनाभर रान तुडवायचं, भाव मात्र दोघांना एकच!”

जंगल राखण्याचा खर्च इतकी वर्षं जंगलात राहणाऱ्यांनीच सोसला होता. पाणी, सुवास आणि पुढच्या सालचा माल शहरानं फुकट घेतला होता. त्या शहरात त्यांचंही दुकान होतं. चार पोत्यांसाठी सेतूला द्यायचा भाव त्यांनी तिथल्या तिथे दुप्पट केला.

दुपारी देवळाचे कारकून चंद्रमौली आले.

“मामी, तीनशे सांगितले तर ऐंशी देता, तेही दुप्पट भावानं! जेवायला बोलावून पान फाडून अर्धं मांडल्यासारखं झालं हे. पलीकडचा दुकानदार उद्या तीनशे पोचवतो म्हणतोय.”

“पोचवेल. मी परत केलेली अकरा पोती त्यातच असतील.”

“देव काय कोळसा शोधणार आहे?”

“देवाचं मी कसं सांगू? विकत घेणारे तुम्ही आहात.”

“हेच समितीपुढे येऊन सांगा. माझं डोकं नका खाऊ.”

ते गेल्यावर सून शरण्यानं विचारलं, “अत्ते, मागणी गेली तर काय विकायचं?”

“सुंठ,” पंकजाबाई म्हणाल्या.

देवळाच्या समितीत तेरा पुरुष होते. पंकजाबाई उभ्यानंच बोलल्या. “बारा वर्षांनी पुन्हा कुंभाभिषेक करावा लागेल. तेव्हा राळ कुठून आणणार? चिमूट लहान करा, ऐंशी किलोंत सगळे दिवस निभतील. जास्तीचा पैसा झाड न जाळणाऱ्याच्या हाती पडेल.”

“बारा वर्षांनी आमच्यातले किती उरतील?” एक वृद्ध सभासद हसले.

“म्हणून तर आज विचारते आहे.”

बराच वाद झाला. अखेर एका मताच्या फरकानं ठरलं: ऐंशी किलो, पंकजाबाईंच्या भावानं, आणि बाहेरून काहीही नाही. दोनशेवीस किलोंचा धंदा कायमचा हातचा गेला. त्याची भरपाई कुणी करणार नव्हतं, आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

कुंभाभिषेकाच्या दिवशी त्या बायकांच्या रांगेत उभ्या होत्या. गाभाऱ्यातून धुराची बारीक रेघ वर चढली. शेजारची बाई कुरकुरली, “एवढा मोठा सोहळा आणि धूर बघा केवढासा! कुठल्या कंजूष दुकानातून आणला कोण जाणे.”

“माझ्या,” पंकजाबाई ताठ मानेनं म्हणाल्या.