दुसरा डोळा

शेजारच्या अक्कांच्या हातात कॉफीचा लोटाही हिंदकळतो, पण बसवनगुडीतल्या आमच्या गौरीच्या मुखवट्याचे डोळे दरवर्षी त्याच रंगवतात. करंगळी गौरीच्या गालावर टेकायची आणि कुणालातरी रागवायचं, ही त्यांची युक्ती. रागावल्या की हात एकदम स्थिर!

यंदा पहिला डोळा सुनेला रागावण्यात झाला. दुसरा त्याला जुळायला हवा, आणि राग तर संपलेला. कुंचला थरथरू लागला.

"अक्का, पुरणपोळ्या मी बाहेरून मागवल्यात," मी म्हणाले.

"गौरीला विकतच्या पोळ्या? लाज नाही वाटत?" आणि काय सुरेख डोळा उतरला!

"खोटंच सांगितलंस ना?" त्या हसल्या.

मी होकारार्थी मान हलवली, तोच बेल वाजली. दारात पोळ्यांचे डबे!

अक्कांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला. "सरी, बरंच झालं! भुवया राहिल्याच होत्या."